चिखलातला मनोरा, भरावावरचं घर



व्याख्यानाचा विषय कळवा असा निरोप आला, तेव्हा मी 'रेडिओ' एवढंच कळवलं. संयोजक खूश झाले. 'कामगार सभा', 'वनिता मंडळ', 'आपली आवड', 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी असं काहीतरी तासभर ऐकायला मिळणार, असं त्यांना वाटलं. तसं व्याख्यान करता येतं, आणि ते माझ्यापेक्षा गोड गळ्यानं करणारी माणसं आहेत. मला आज रेडिओच्या आवाजाबद्दल बोलायचं नाही. तो आवाज ज्या जमिनीत पाय रोवून उभा राहतो, त्या जमिनीबद्दल बोलायचं आहे, म्हणजे चिखलाबद्दल. भाईंदरच्या नवघरात येऊन चिखलावर बोलणं तसं धाडसाचंच. ज्यांच्या आजा-पणजांनी हा चिखल पायांनी तुडवून मिठागरं उभी केली, ते लोक इथे समोर बसले आहेत.

नवघरमध्ये आकाशवाणीचं केंद्र कधी नव्हतं. आपलं केंद्र मुंबईचं. त्याचा स्टुडिओ चर्चगेटजवळ, बॅकबे रेक्लमेशनवर, म्हणजे तोही समुद्र बुजवूनच मिळवलेल्या जागेवर. पण निवेदक बोलतो तिथून आवाज हवेत जात नाही. तो आधी दूरच्या प्रक्षेपण केंद्रात जातो आणि तिथल्या मनोऱ्यावरून सुटतो. मुंबईच्या मध्यम लहरींचं हे प्रक्षेपण केंद्र मालाडला, मार्वे रोडवर, मालवणीत. इथून सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटर. मार्व्याहून होडीनं मनोरीला गेलेल्या प्रत्येकाला तो रस्ता माहीत आहे. मुंबई 'अ' म्हणजे १०४४ किलोहर्ट्झ, मुंबई 'ब' म्हणजे ५५८ किलोहर्ट्झ, दोन्ही १०० किलोवॅटची. 'ब' केंद्राची ५३७.६ मीटर ही लहरलांबी निवेदक इतक्या वेळा सांगत, की शाळेत मीटर शिकायच्या आधी ती पाठ झालेली पिढी आज आजोबा झाली आहे.

केंद्राचा जन्म पटकन उरकतो, कारण तो पुस्तकांत मिळतो. १९२३मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबनं हौसेनं प्रसारण केलं. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. परवान्याची वर्षाची फी १० रुपये. परवाने थोडे, खर्च मोठा. १९३०मध्ये कंपनी गुंडाळली आणि सरकारनं केंद्र चालवायला घेतलं. ८ जून १९३६ रोजी त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली. हे सगळे टप्पे मंत्र्यांचे आणि कार्यालयांचे. मला ज्या प्रश्नानं धरून ठेवलं तो साधा आहे. एवढ्या मोठ्या शहरात मनोऱ्यासाठी खाडीकाठची खारट, ओली जमीनच का? उंच टेकडी का नाही? बोरिवलीचा डोंगर काही लांब नव्हता.

पुष्कळांना वाटतं, जागा स्वस्त होती म्हणून. स्वस्त असेलही, पण टेकडी फुकट मिळाली असती तरी अभियंत्यांनी ती घेतली नसती. मध्यम लहर जमिनीला चिकटून जाते. दिवसा आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः जमिनीवरून सरपटत येणारा भाग. जमीन जितकी वीज वाहून नेणारी, तितकी लहर लांब जाते. या बाबतीत कोरड्या खडकाळ जमिनीपेक्षा समुद्राचं पाणी हजारो पटींनी सरस, आणि खाजणाचा खारट चिखल साध्या मातीपेक्षा पुष्कळ चांगला. शिवाय मनोऱ्यालाच जमीन लागते. मध्यम लहरींचा मनोरा हा अँटेना टांगायचा खांब नसतो, तो स्वतःच अँटेना असतो. त्याचं अख्खं लोखंड विजेनं जिवंत असतं, म्हणून तो चिनी मातीच्या जाड विद्युतरोधकावर उभा करतात आणि त्याच्या ताणाच्या तारांमध्येही मध्ये मध्ये असे विद्युतरोधक घालतात. ५५८ किलोहर्ट्झची लहर ५३७ मीटर लांब. अशा मनोऱ्याला बहुतेकदा तिची पाव लांबी पुरते, म्हणजे सुमारे १३४ मीटर. आपल्याकडच्या हिशेबानं चाळीसेक मजले. उरलेलं काम जमीन करते. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा चहूबाजूंनी वीतभर खोल पुरतात. १९३७मध्ये ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन या तीन अमेरिकन अभियंत्यांनी मोजमापं करून दाखवलं, की अशा १२० तारा असल्या तर फार थोडी शक्ती वाया जाते. त्यानंतर जगभर हा आकडा जवळजवळ नियमच झाला.

म्हणजे मनोरा हे केंद्राचं दिसणारं अर्ध. दुसरं अर्ध जमिनीखाली असतं आणि ते जितकं ओलं तितकं बरं. न्यूयॉर्क शहराच्या कितीतरी मध्यम लहर केंद्रांचे मनोरे शहरात नाहीत. ते नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या मेडोलँड्स नावाच्या भरती-ओहोटीच्या दलदलीत उभे आहेत. तिथेही पूर्वी लोक म्हणत असणार, ही जमीन कुणाच्या काय कामाची.

याच्या उलट उदाहरण मुंबईतच आहे आणि ते सांगायचा मोह आवरत नाही. ऑगस्ट १९४२पासून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. तो लघुलहरींवर, ४२.३४ मीटरवर होता. लघुलहर आकाशातल्या थरावर आपटून परत येते. तिला चिखल लागत नाही, एक खोली आणि एक तार पुरते. म्हणून ते केंद्र गिरगाव-चौपाटीच्या आसपास एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवता आलं, आणि पोलिसांना ते पकडायला नोव्हेंबरच्या १२ तारखेपर्यंत थांबावं लागलं. ज्याला जमीन लागत नाही, ते पळू शकतं. मालवणीचं केंद्र पळू शकत नाही; त्याची मुळं जमिनीत गेलेली असतात.

आता आपल्या बाजूच्या चिखलाकडे येऊ.

नवघर, भाईंदर, मिरे, राई, मुर्धे या गावांचा सखल भाग खाडीच्या उधाणाखाली जाणारा. इथल्या आगऱ्यांनी तो दोन तऱ्हांनी वापरला. जिथे खारं पाणी अडवता आलं तिथे भात, जिथे खारं पाणीच हवं होतं तिथे मीठ. मिठागर म्हणजे पाण्याचा हिशेब. उधाणाला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, काढून पाणी आत घ्यायचं, ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हावर घट्ट करायचं, आणि ते पुरेसं घट्ट झालं की खडा धरायला सोडायचं. खडा उचलायला उशीर केला तर मीठ कडू होतं, कारण मिठाच्या मागोमाग मॅग्नेशियमचे क्षार बसतात. दिवाळीनंतर बांधबंदिस्ती, उन्हाळ्यात मीठ, मृगाआधी सगळं झाकून ठेवायचं. पुस्तकात या जमिनीला कुणी काहीही नाव देवो, तिच्या प्रत्येक वीतभर उंचीला काम नेमलेलं होतं. बांध कुठे वर, कोंडी कुठे खाली, हे इंचांत ठरलेलं.

या बांधांसाठीच एक कागद झाला, ज्याच्या सावलीत आज या शहरातल्या हजारो सदनिका आहेत. १८७० साली ब्रिटिश सरकारनं रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या गृहस्थांना घोडबंदर, मिरे, भाईंदर या बाजूची जमीन ९९९ वर्षांच्या कराराने दिली. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालायचे आणि त्या बदल्यात उत्पन्नात वाटा घ्यायचा, असा त्याचा मथितार्थ. पुढे हा हक्क एका खासगी कंपनीकडे गेला, आणि इमारत बांधायची तर त्या कंपनीचा ना-हरकत दाखला लागतो की नाही, यावर या शहरानं मोर्चे काढले, अर्ज केले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. इथल्या श्रोत्यांना मी ती कथा सांगणं म्हणजे आगऱ्याला मीठ विकणं. मला त्या करारातली एकच गोष्ट हवी आहे. त्याचं मूळ कारण बांध होतं. पाणी रोखणं ही करार घेणाऱ्याच्या बाजूची अट होती. वाद झाला तो वाट्याचा झाला. बांधाची आठवण कुणी काढली नाही.

मग घरं आली. कुठून आली हे नीट पाहायला हवं, कारण आपण 'बिल्डर आले' म्हणून मोकळे होतो.

१९७६मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शहरात एका माणसाकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती सरकारजमा. पण त्याच कायद्यात सूट होती. दुर्बल घटकांसाठी छोटी घरं बांधून ठरवलेल्या दरात देणार असाल, तर जमीन तुमच्याकडे राहील. मुंबईत अशी एकसलग मोठी जमीन कुठे उरली होती? दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे, ठाणे जिल्ह्यात, मिरे गावच्या शिवारात होती. तिथे पश्चिम रेल्वेचं स्टेशन होतं, मिठागरं होती, खाजण होतं. अशा योजनेतून मिरा रोडला शांतीनगर उभं राहिलं. त्या योजनेतले दर आणि घरांचं वाटप यांवरून वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. शांतिस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण खिमलाल टोटमे, ३१ जानेवारी १९९०. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी त्यात लिहिलं ते आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. जगण्याच्या हक्कात राहण्यायोग्य निवाऱ्याचा हक्क आहे. आणि जनावराला शरीर झाकलं की पुरतं, माणसाला मात्र मनानं आणि बुद्धीनं वाढायला जागा लागते, असा त्याचा आशय. भारतात निवाऱ्याच्या हक्काची चर्चा या निकालाशिवाय पुढे जात नाही. आपल्या गावाच्या वेशीवरच्या चिखलातून तो निकाल निघाला, पण पालिकेच्या एखाद्या उद्यानात त्याची साधी पाटीही मी पाहिलेली नाही. पुतळे मात्र पुष्कळ आहेत.

मालवणीच्या मनोऱ्यांच्या शेजारची घरं वेगळ्या वाटेनं आली. मालवणीत आधी सरकारनं शहरातून उठवलेल्या लोकांना आणून बसवलं. त्या वस्तीचे पत्ते अजून गेट नंबरांनी सांगतात. मग १९८५पासून जागतिक बँकेच्या मदतीनं मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. चारकोप, गोराई, मालवणी इथे सरकारनं इमारती बांधल्या नाहीत. भूखंड आखले, रस्ते, पाणी, मलवाहिन्या दिल्या, आणि सांगितलं, घर तुम्ही बांधा, जमेल तसं, जमेल तेव्हा. चारकोपला साधारण पस्तीस भूखंडांची एक सोसायटी आणि तिच्या मध्ये अंगण. मला स्वतःला मुंबईनं गेल्या पन्नास वर्षांत केलेल्या घरबांधणीत हीच सगळ्यात शहाणी वाटते. तिथे माणूस खोलीवर खोली चढवत आपल्या ऐपतीच्या वेगानं वर गेला. मिरा रोडला सगळं एकदम उभं राहिलं: तळमजला आणि चार मजले, लिफ्ट नाही, एकाच साच्याच्या इमारती, आणि मध्ये पूर्वीचा खाडीचा फाटा सरळ करून त्याचा बांधलेला सिमेंटचा नाला.

हा नाला म्हणजे आपल्या इकडचा कालवा. त्याच्या काठाला शाळा, भाजीवाले, रिक्षास्टँड, गणपतीचा मंडप, सगळं. हॉलंडमध्ये कालव्याकाठचं घर महाग असतं; आपल्याकडे नाल्याकडच्या विंगेतला फ्लॅट स्वस्त मिळतो आणि दलाल तो दाखवताना खिडकी उघडत नाही. पण तो नाला मिठागरातल्या चरांचा थेट वंशज आहे, आणि त्याच्यात अजून भरती येते. रविवारी दुपारी पुलावर उभं राहिलं तर पाणी उलट्या दिशेनं जाताना दिसतं. शहरातल्या मुलांना मी ते दाखवतो. त्यांना आधी खोटं वाटतं.

आता या दोन पाहुण्यांचा, मनोऱ्याचा आणि घराचा, संबंध. दोघं एकाच काठावर आले, पण एकाला जमीन ओली हवी होती आणि दुसऱ्याला कोरडी. मनोऱ्यासाठी चर बुजवायची गरज नव्हती. पाणी आत-बाहेर करत राहिलं तरी त्याचं बिघडत नव्हतं, उलट बरंच होतं. तारा पुरून झाल्या की वर गवत, बगळे, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. मुंबईच्या सखल काठावर नकळत राखलेली मोकळी जागा. रेडिओवाल्यांनी निसर्गरक्षणाचा विचार केला होता, असं मी म्हणत नाही. त्यांना त्यांच्या शंभर किलोवॅटची काळजी होती. घरासाठी मात्र भराव लागला. मुरूम, दगड, नंतर नंतर सरळ इमारतींचा राडारोडा. भरावाची उंची ज्यानं त्यानं आपापल्या प्लॉटपुरती ठरवली. मग रस्ता उंच झाला, पुन्हा डांबर पडलं, पुन्हा उंच झाला, आणि १९८५च्या आसपास बांधलेल्या इमारतींचे तळमजले रस्त्याच्या खाली गेले. या सभागृहातले किती जण पावसाळ्याआधी दाराला विटांचा उंबरा घालतात, ते मी हात वर करायला सांगून विचारणार नाही.

१९८५ला या भागातल्या पाच ग्रामपंचायतींची मिळून नगरपरिषद झाली आणि २००२ला महानगरपालिका. १९९१ला इथे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती, २००१ला ५,२०,३८८, २०११ला ८,०९,३७८. वीस वर्षांत मिठागरांच्या उंचीवर राहणारी माणसं साडेचार पटींहून जास्त झाली. आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसाबद्दल नंतर माधवराव चितळे समितीचा अहवाल आला. त्यातला मिठी नदीचा भाग सगळ्यांना आठवतो. पण भरतीच्या वेळी खाडीचं तोंड बंद असतं आणि त्याच वेळी पाऊस पडला तर पाण्यानं थांबायचं कुठे, हा प्रश्न मिठीइतकाच आपलाही आहे. पूर्वी पाणी कोंड्यांत थांबत असे.

एक गोष्ट मला अलीकडे कळली आणि ती कळल्यापासून मी हे व्याख्यान मनात जुळवतोय. या घरांनी रेडिओलाही गप्प केलं. कौलारू घरात, पत्र्याच्या खोलीत, चाळीच्या गॅलरीत मध्यम लहर मजेत आत येते. शंभर किलोवॅटच्या मनोऱ्याच्या अगदी जवळ तर गंजलेल्या पत्र्याच्या जोडातूनही बारीक आवाज ऐकू आल्याच्या हकिकती जगभर आहेत, आणि त्या खऱ्या असू शकतात. गंज हा कच्च्या स्फटिक रेडिओचं काम करतो. पण आरसीसीची इमारत म्हणजे लोखंडी सळयांची जाळी. पाचशे मीटर लांबीच्या लहरीला त्या जाळीतून आत शिरणं अवघड जातं. म्हणून फ्लॅटमध्ये ट्रान्झिस्टर खिडकीत गेला, मग त्याची वायर खिडकीच्या गजाला गुंडाळली गेली, मग तो वरच्या माळ्यावर गेला. जे काही आत येत होतं त्यावर ट्यूबलाइटचा चोक, टीव्ही, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर आणि शेवटी एलईडीचे दिवे यांनी खरखर ओतली. १९९३पासून मुंबईत एफएमवर खासगी कार्यक्रम आले, नव्या शतकात खासगी केंद्रं आली, आणि एफएमला चिखल नको, उंची हवी. ती उंची शहरात मुबलक होती, कारण तोवर शहरच उंच झालं होतं. गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीनं देशभर मध्यम लहरींची जुनी प्रक्षेपण यंत्रं बंद करायला सुरुवात केली, ती यामुळे. विजेचं बिलही कारण आहे. मध्यम लहर चालू ठेवायची तर निवेदक श्वास घ्यायला थांबतो तेव्हाही वाहक लहरीसाठी तेवढीच वीज जळत राहते. आपल्यापुरतं मुंबई 'ब' केव्हाच माजी झालंय. शेवटचं कधी लावलं होतं, आठवून पाहा.

उत्तनच्या कोळ्यांसमोर मात्र हे बोलताना मी जरा जपून बोलेन. एफएम जवळजवळ नजरेच्या टप्प्यात चालतं, पन्नास-साठ किलोमीटर. मध्यम लहर समुद्राच्या पृष्ठभागावरून शेकडो किलोमीटर जाते. कोळी बांधवांसाठीची हवामानाची सूचना होडीत पेन्सिल सेलवर ऐकू येते, ती या खारट पाण्यामुळे. मोबाइल किनाऱ्यापासून काही मैलांवर मुका होतो. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं तेव्हा ज्यांच्या होड्या समुद्रात होत्या, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आता उपग्रहावरून संदेश देणारी यंत्रं होड्यांवर येत आहेत. ती सगळ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत तरी बंद करण्याच्या यादीत समुद्रकाठची केंद्रं शेवटी असावीत, एवढं माझं मत.

पण ती कधी ना कधी जाणार. आणि मनोरा गेल्यावर जी जागा उरते तिचं काय होतं, हे बाहेर दिसू लागलंय. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे डब्ल्यूएमएएल या केंद्राचे चार मनोरे अनेक दशकं एका मोठ्या कुरणात उभे होते. नोव्हेंबर २०२०मध्ये ते पाडले आणि तिथे घरांची वसाहत आखली. मध्यम लहर केंद्राची जमीन केंद्राच्या उत्पन्नापेक्षा कित्येक पट मोलाची झाली होती. आपल्याकडे २०२१मध्ये केंद्र सरकारनं सार्वजनिक मालमत्तांतून पैसा उभा करायची राष्ट्रीय योजना जाहीर केली. उपनगरांच्या खाडीकाठी मनोऱ्यांची एकसलग मोकळी जमीन, मध्ये काहीही बांधकाम नाही, सात-बारा सरकारी. अशा जमिनीवर काय आखलं जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

घरं नकोत, असं मी म्हणणार नाही. निवाऱ्याच्या हक्काचा निकाल ज्या गावातून निघाला तिथे उभं राहून ते म्हणणं शोभणार नाही, आणि ज्याला स्वतःचं घर आहे अशा माणसानं ते म्हणणं तर मुळीच नाही. पण मनोऱ्याची जागा ही रिकामी जागा नसते. तिच्यावर पन्नास-पन्नास वर्षं भराव पडलेला नसतो, हाच तिचा गुण. मुंबईच्या सगळ्या सखल पश्चिम काठावर पाण्याला थांबायला ज्या थोड्या जागा उरल्यात, त्यांत तिवरांचं जंगल आहे, उरलीसुरली मिठागरं आहेत, आणि अशा जागा आहेत. तिवरांना २००५च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं संरक्षण मिळालं. मिठागरांवर घरं बांधायची चर्चा अधूनमधून उठत आली आहे. मनोऱ्यांच्या जागेचं नाव कुणीच घेत नाही, कारण ती पाण्याची जागा आहे हे तिथे काम केलेल्या तंत्रज्ञांशिवाय कुणाच्या लक्षात नाही. तिथे चारकोपसारखी घरं काठाकाठानं, उंच बाजूला बांधता येतील. मधला ओला भाग तसाच ठेवता येईल. हे नकाशावर रेघ मारण्याइतकं सोपं आहे, फक्त रेघ मारणाऱ्याला पाणी कुठून येतं ते माहीत हवं.

आणि ते माहीत असलेली माणसं आता थोडी राहिली आहेत. खारभूमी विकासाचा कायदा १९७९चा. त्यात बांध आणि उघाड्यांची देखभाल सरकारनं अंगावर घेतली, पण कायद्याच्या परिशिष्टात तुमच्या उघाडीचं नाव सापडायचं नाही. नवघरची कुठली उघाडी कुठे होती, कुठला चर कुठल्या सोसायटीच्या पार्किंगखाली गेला, कुठल्या आगराच्या बांधावरून आजचा रस्ता जातो, हे इथल्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आगऱ्यांना आणि आगरणींना अजून बोटानं दाखवता येतं. माझी संयोजकांना विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाचं मानधन नका देऊ. त्या पैशांत या शिवाराचा जुना मोजणी नकाशा मोठा छापून घ्या, या सभागृहाच्या मागच्या भिंतीवर लावा, आणि ज्याला जे आठवेल ते त्यानं त्यावर लिहावं, वाद झाले तर व्हावेत. आणि पेन्सिल मात्र दोरीनं बांधून ठेवा; बिनदोरीची इथे दुसऱ्या दिवशी सापडायची नाही.